शाळेच्या बागेतील पानांचे बुरशीजन्य रोग व त्यांचा बंदोबस्त

पावसाळ्याच्या उत्तरार्धात शाळेच्या आवारातील चाफ्याचे पान उलटून पाहिल्यास पुष्कळदा त्याच्या खालच्या अंगास नारिंगी भुकटी आढळते. वरच्या अंगास त्याच जागी पिवळे ठिपके दिसतात आणि पुढे पान करपून गळते. हा तांबेरा होय. झाड मरेल या भीतीने कोणी घाईने औषध फवारतो, तर कोणी पानगळ समजून दुर्लक्ष करतो. दोन्ही गोष्टी टाळाव्यात. शाळेच्या बागेत मुले वावरतात व अनेक शाळांत फुलझाडांशेजारीच पोषण आहाराची परसबाग असते. म्हणून आधी ओळख, मग स्वच्छता आणि सर्वांत शेवटी औषध, हा क्रम पाळणे अगत्याचे आहे.

रोगाची ओळख

बुरशीचे बीज डोळ्यांस न दिसण्याइतके सूक्ष्म असते व ते वारा आणि पाणी यांबरोबर पसरते. गुलाबाच्या पानांवरील काळे, कडा फाटल्यासारखे दिसणारे ठिपके याच बीजापासून उद्भवतात. त्यासाठी पान सुमारे ७ तास ओले राहावे लागते. सायंकाळी झारीने पानांवर पाणी घातल्यास ही सोय आपणच करून देतो. भुरी मात्र निराळी. पिठासारखी पांढरी भुकटी असलेला हा रोग पान ओले नसतानाही वाढतो. म्हणूनच पाऊस सरल्यावर, कोरड्या व थंड दिवसांत तो बोरीवर व गुलाबावर दिसतो.

औषधावाचून करावयाचे उपाय

१. पाणी सकाळी व बुंध्याशी घालावे.
२. दाट फांद्या छाटून आत ऊन व वारा खेळू द्यावा.
३. रोगट व गळलेली पाने दर आठवड्यास वेचून खोल खड्ड्यात पुरावीत. ती खतखड्ड्यात टाकू नयेत व शाळेजवळ जाळूही नयेत.

चाफ्याची पाने हिवाळ्याच्या सुमारास गळतात. त्या वेळी ती नीट वेचल्यास पुढील वर्षीच्या रोगाचे मूळच कमी होते. चाफा तांबेऱ्याने सहसा मरत नाही, त्यामुळे पुष्कळदा एवढ्यानेच भागते.

औषध वापरताना

रोग तरीही वाढल्यास चाफ्यासाठी बोर्डो मिश्रण उपयोगी पडते. फ्रान्समधील बोर्दो परिसरात चोरांना भिववण्यासाठी रस्त्यालगतच्या द्राक्षवेलींवर मोरचूद व चुना शिंपडत. त्याच वेली रोगापासून वाचल्याचे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानी आले आणि १८८५ साली त्याने हा उपाय प्रसिद्ध केला. दहा लिटर मिश्रणासाठी १०० ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात व १०० ग्रॅम कळीचा चुना विरवून उरलेल्या पाच लिटर पाण्यात, अशी दोन वेगळी द्रावणे करावीत. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतावे व गाळून घ्यावे. भांडे मातीचे किंवा प्लॅस्टिकचे असावे. लोखंडाचा चकचकीत खिळा मिश्रणात बुडवल्यावर तांबूस झाल्यास आणखी चुना घालावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. भुरीसाठी पाण्यात मिसळणारे गंधक दहा लिटरास २० ग्रॅम घ्यावे, मात्र कडक उन्हात फवारू नये.

मोरचूद विषारी आहे व चुना विरवताना तो उकळतो. हे काम प्रौढ माणसानेच हातमोजे घालून, सुटीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर करावे. भाजीवर फवारा जाऊ देऊ नये. शिल्लक मोरचूद कुलुपात ठेवावे.

विद्यार्थ्यांचे काम

फवारणी मुलांकडे मुळीच नको, निरीक्षण मात्र अवश्य द्यावे. चाफ्याचे पान पांढऱ्या कागदावर दाबल्यास नारिंगी ठसा उमटतो. तो भिंगातून पाहावा, मग हात धुवावेत. एका फांदीस दोरा बांधून तीवरील निरोगी व रोगट पानांची संख्या दर शनिवारी वहीत नोंदवावी. पाणी घालण्याची पद्धत बदलल्यावर संख्येत काय फरक पडतो, हे मुलांना स्वतःच्या नोंदीवरून उमगेल. रोग ओळखण्यात शंका राहिल्यास रोगट पान कागदी पिशवीत घालून छत्रपती संभाजीनगर येथील पैठण रस्त्यावरच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे. अंदाजाने औषध आणू नये.