धुकं की धूर? समुद्राकाठच्या हिवाळ्याची हवा

चांदूर बाजारात बसून मुंबईच्या हवेवर बोलायचं म्हटल्यावर काही जणांना वाटलं असेल, रिटायर झाल्यावर सरांना विषय सापडेना. (हशा) विषय मी शोधला नाही, तो माझ्या घशात अडकला. काही वर्षांमागे डिसेंबरात मुंबईला मुलीकडे होतो. सकाळी गॅलरीत चहा घेताना समोरच्या इमारती अर्ध्या पुसून टाकल्यासारख्या दिसत होत्या. मी म्हटलं, "काय छान धुकं पडलं!" नात म्हणाली, "आबा, ते धुकं नाही, धूर आहे." आठवडाभर खोकलो तेव्हा पटलं.

आणि लाजही वाटली. न्यायशास्त्र शिकवताना मी वर्षानुवर्षं हेच उदाहरण दिलं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे विस्तव असला पाहिजे. अनुमानाचं हे ठरलेलं उदाहरण. त्यात चूक कशी होते, हेही ठरलेलं आहे : लांबून वाफ किंवा धुकं पाहिलं, त्यालाच धूर समजलो, आणि विस्तव नसताना विस्तव आहे म्हणून बसलो. मी उलटी चूक केली. धुराला धुकं म्हटलं. ही चूक जास्त महागात पडते. कारण एकदा धुकं म्हटलं की विस्तव कुठे आहे, हे विचारायचं कामच उरत नाही. धुक्याला कोणी धनी नसतो.

आता, समुद्राकाठी धूर साचतोच कसा? आपल्याकडे तर समुद्राची हवा म्हणजे औषध समजतात. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले, समुद्र न पाहता. दिवसा जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापतं. जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी समुद्रावरची येते. हे खारे वारे. रात्री जमीन आधी निवते, वारा उलटा फिरतो, ते मतलई. मुंबईची हवा रोज धुतली जाते ती मुख्यतः या खाऱ्या वाऱ्यांनी. पावसाळ्यात तर पाऊसही धुतो. सांताक्रूझला चार महिन्यांत 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, धुळीचे कण पाण्याबरोबर खाली बसतात. जुलै-ऑगस्टात तिथे श्वास घ्यायला काही तक्रार नसते.

ऑक्टोबरात मोसमी वारे माघारी गेले की गणित बदलतं. वारा जमिनीकडून, उत्तर-ईशान्येकडून येऊ लागतो. खारं वारं उशिरा सुटतं आणि त्याला जोर नसतो. रात्री जमीन निवली की तिला लागून असलेली हवा थंड होते आणि वरची हवा तिच्यापेक्षा उबदार राहते. एरवी वर जावं तशी हवा थंड होते, किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंश. इथे उलटं. खालची हवा थंड, म्हणून जड. ती वर उठत नाही आणि तिच्यातला धूरही उठत नाही. भांड्यावर झाकण ठेवावं तसं. हे पाहायला मुंबईला जायची गरज नाही. थंडीत संध्याकाळी आपल्याच गावात चुलीचा आणि शेकोटीचा धूर छपरांवर चादरीसारखा आडवा पसरलेला तुम्ही पाहिला आहे. तेच झाकण.

समुद्राकाठी आणखी एक भानगड. हवा दमट. बारीक कण ओल धरतात, फुगतात, आणि धूर हुबेहूब धुक्यासारखा दिसतो. साधी खूण सांगतो : खरं धुकं ऊन चढलं की विरतं, हे दुपारपर्यंत रेंगाळतं. यातले घातक कण अडीच मायक्रॉनच्या आतले. डोक्याचा केस पन्नास-साठ मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. आपल्याकडे दिवसाची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून 15 म्हणते.

2022-23 च्या हिवाळ्यात मुंबईची हवा फारच बिघडली. तेव्हा ला निना सलग तिसऱ्या वर्षी होती, आणि काही शास्त्रज्ञांनी मंदावलेल्या वाऱ्यांचा संबंध तिच्याशी लावला. त्यांचं म्हणणं मला योग्यच वाटतं. पण लोकांनी ऐकलं काय? की दोष पॅसिफिक महासागराचा! अहो, घडा घडायला चाक लागतं, पण चाकातून माती निघत नाही. वारा पडणं हे सहकारी कारण. धूर, धूळ, राख हा माल आपण पुरवतो : बांधकामं, गाड्या, कारखाने, बेकऱ्यांच्या लाकडाच्या भट्ट्या, पेटलेला कचरा. जानेवारी 2016 मध्ये देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली, धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. डोंगर, धूर, विस्तव, अगदी पुस्तकातल्यासारखं. तेव्हा कोणी धुकं म्हटलं नाही.

एरवी विस्तव विखुरलेला असतो, म्हणून दिसत नाही. तो शोधायला गेलं की सापडतो. ऑक्टोबर 2023 मध्ये महापालिकेने बांधकामांना पत्र्याचं कुंपण आणि हिरवं कापड सक्तीचं केलं. डिसेंबर 2024 च्या अखेरीस भायखळा आणि बोरिवली पूर्वेतली बांधकामं काही काळ थांबवली. उशिरा केलं, पण धुराचा धनी शोधला, हे मला महत्त्वाचं वाटतं. तसा मुंबईत धुराविरुद्धचा कायदा 1912 चा आहे.

आता आपल्याकडे या. 2019 मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्याच्या यादीत मुंबईबरोबर अमरावती आहे आणि अकोलाही आहे. आपल्याला तर खारं वारंही नाही. उत्तरेला सातपुडा, थंडीच्या रात्री मुंबईपेक्षा कितीतरी गार, म्हणजे झाकण जास्त घट्ट.

मी इथे थांबणार होतो, पण मागून एका शेतकरी भावाने विचारलं, "सर, मंग पऱ्हाटी जाळू नाही तं काय करू?" प्रश्न रास्त आहे. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीत आणि तिच्या वाळल्या बोंडांत दडून राहते, म्हणून हंगाम संपला की शेत साफ करा असं कृषी खातंच सांगतं. साफ करायचं म्हणजे धुऱ्यावर ढीग लावून काडी लावायची, हा सगळ्यात स्वस्त उपाय. यंत्राने बारीक करून खत करता येतं, पण भाडं मोजावं लागतं, आणि कापसाचे भाव तुम्हाला माहीत आहेत. गंमत पाहा, पऱ्हाटीपासून फळ्या आणि कांड्या कशा करायच्या यावर काम करणारी केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था मुंबईलाच आहे, माटुंग्याला. तंत्र आहे. पण चांदूर बाजारच्या वावरातली पऱ्हाटी गोळा करून कारखान्यापर्यंत नेणार कोण, आणि त्या गाडीभाड्याचे पैसे कोणाच्या खिशातून जाणार, याचं उत्तर शेतकऱ्याने एकट्याने द्यावं असं मला वाटत नाही. यावर तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर बोला, चहा यायला अजून वेळ आहे.