अठराजणींत गप्प, चौघींत बोलती

भाकरी तव्यावर असेल तर उलटून घ्या, मग ऐका.

दोन वर्षांमागची गोष्ट. आमच्या गटात सोयाबीनच्या घरच्या बियाण्याचं प्रशिक्षण झालं. देवळाच्या मंडपात आम्ही अठराजणी. शिकवायला आलेल्यांनी तासभर नीट सांगितलं, शेवटी विचारलं, "समजलं का?" आम्ही सगळ्या एका सुरात "हो!" म्हणालो. चहा झाला, घरी गेलो.

पेरणीच्या वेळी काय झालं? दोन-तीन घरांत बियाण्याला औषध लावताना ते ज्वारीसारखं खसाखसा चोळलं. सोयाबीनचं साल फार नाजूक असतं. ते सुटलं, डाळी झाल्या, बी मातीतच कुजलं. दुबार पेरणी करायची म्हणजे पुन्हा बियाण्याची बॅग, पुन्हा मजुरी, तीही उसनवारीवर. नंतर त्यांतली एक वहिनी मला म्हणाली, "कसं चोळायचं ते मला तेव्हाच विचारायचं होतं. पण एवढ्या बायांत कुठं तोंड उघडू?"

तिचं काय चुकलं? मला तर आमच्या बसण्याचंच चुकलं असं वाटतं.

फ्रान्समध्ये रिंगेलमान नावाचे एक शेती अभियंता होते. त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि १९१३ साली ते छापलं. एकट्या माणसाचा जोर १०० धरला, तर आठजण मिळून ओढताना प्रत्येकाचा जोर ४९ वर आला होता. म्हणजे निम्माच! एक तर सगळ्यांचा हिसका एका क्षणाला बसत नाही. दुसरं म्हणजे, बाकीचे ओढताहेत ना, मग मी जरा सैल सोडलं तर काय बिघडतं, असं प्रत्येकाला वाटतं. बैठकीतही हेच होतं. अध्यक्ष आणि सचिव बोलतात, आपण माना हलवतो.

म्हणून पुढच्या वर्षी आम्ही पेरणीआधी तीन आठवडे पुन्हा बसलो, पण वेगळ्या तऱ्हेनं. एक, दोन, तीन, चार असे आकडे म्हणत गेलो. सगळ्या 'एक' एका कोपऱ्यात, सगळ्या 'दोन' दुसऱ्या. चार-पाचजणींची चार टोळकी झाली. आकडे कशासाठी, तर जावा-जावा एकत्र बसू नयेत आणि सासू-सून वेगळ्या व्हाव्यात म्हणून. सासू समोर असली की सून बियाण्यावर मत देत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

प्रत्येक टोळक्याला एकच काम दिलं, तेही हातानं करायचं. 'चर्चा करा' असं सांगितलं तर लग्नाच्या याद्या निघतात. काम असं: एका घरचं बियाणं घ्यायचं, निवडून नाही, पोत्यातून येईल तसं. १०० दाणे मोजायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी लावायच्या, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची. ती सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं आणि सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजायचे. ७० किंवा जास्त उगवले, तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. ७० पेक्षा जेवढे कमी, तेवढ्या दाण्यांमागे अर्धा-अर्धा किलो वाढवायचं. ६० च्या खाली गेलं तर ते बी पेरायचंच नाही.

आणखी एक युक्ती केली. मोठ्या बैठकीत कोण सांगणार, हे आधी ठरवलं नाही. चिठ्ठी निघेल तिनं सांगायचं. मग प्रत्येकीला सगळं समजून घ्यावंच लागलं, आणि ज्यांना आलं त्यांनी बाकीच्यांना शिकवलं. लिहिता न येणाऱ्या एका मावशींची चिठ्ठी निघाली. त्यांनी कोंबांच्या हिशेबाचे खडे मांडून दाखवले. आमच्या वहीपेक्षा तेच लवकर कळलं.

आठवड्यानं गुंडाळ्या उघडल्या. तीन टोळक्यांचं बियाणं चांगलं निघालं. चौथ्याचे कोंब भरले ५८, आणि ते बियाणं होतं अध्यक्षबाईंच्या घरचं. मंडपात सगळ्यांदेखत कोणी म्हटलं असतं, की "बाई, तुमचं बी खराब आहे"? पण इथं चौघींनी मिळून मोजलं होतं, दोनदा मोजलं होतं, आणि त्यांत अध्यक्षबाईंचाही हात होता. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हे बाजारात जाईल. पेरायला मला कोण देतं?" दोघींनी तिथंच पायलीचा हिशेब केला.

औषध कसं लावायचं तेही टोळक्यातच करून पाहिलं. ताडपत्रीवर बी पसरायचं, हलक्या हातानं वरखाली करायचं, सावलीत सुकवायचं. आणि यंदा "चोळायचं का हो?" असं विचारणारी तीच वहिनी होती.

पण सगळंच काम टोळक्यांत करू नका हं. कर्ज कोणाला द्यायचं, किती द्यायचं, हप्ता कोणाचा थकला, हे पूर्ण बैठकीतच, वही उघडून, सगळ्यांसमोर. पैशाचं चौघींत ठरलं की बाकीच्यांच्या मनात किल्मिष येतं, आणि मग गट फुटायला वेळ लागत नाही. टोळक्यांना वेळही बेताचा द्या, वीस मिनिटं पुष्कळ झाली.

तुमच्याकडं पेरणीला अजून अवकाश असेल, तर येत्या बैठकीला प्रत्येकीनं ओंजळभर सोयाबीन आणि एक जुनं गोणपाट घेऊन या.