जुने कपाट घेताना दर्शनी बाजू नव्हे, पाठ पाहा

जुन्या लाकडी कपाटांना, संदुकांना आणि पेटाऱ्यांना पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागले आहे. शहरातील लोक अशा वस्तूला 'विंटेज' म्हणतात आणि तिच्यासाठी चांगली रक्कम मोजतात. मुंबईत चोरबाजारातील मटन स्ट्रीट आणि जोगेश्वरीचा ओशिवरा बाजार यांनी या धंद्यावर नाव कमावले आहे. यातला बराच माल जुनी घरे आणि वाडे उतरवताना निघतो. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ घ्या किंवा मराठवाड्यातले दुसरे कोणतेही जुने गाव घ्या. माळवदाचे घर पाडून सिमेंटचे बांधायचे ठरले, की तुळयांबरोबर फडताळाची दारे, संदुका आणि आलमाऱ्याही बाहेर येतात.

येथेच दोन्हीकडचे नुकसान होते. घरमालकाला ती अडगळ वाटते आणि तो ती सरपणाच्या भावाने देऊन टाकतो. दुसरीकडे, नव्या हलक्या लाकडाला काळपट रंग फासून 'शंभर वर्षांची आलमारी' म्हणून विकणारेही बाजारात आहेत. या दोहोंच्या मध्ये उभा असलेला कारागीर आणि व्यापारी माल ओळखू शकला, तर घरमालकाला रास्त दाम मिळेल, गिऱ्हाईक फसणार नाही आणि स्वतःचाही धंदा उभा राहील. त्यासाठी काय पाहावे, हे आम्ही येथे क्रमाने मांडत आहोत.

गरज आणि माप

गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारावा की कपाटात ठेवायचे काय? जुन्या आलमाऱ्या घडी घातलेल्या कपड्यांसाठी आणि भांड्यांसाठी बनत. पुष्कळ आलमाऱ्यांची खोली दीड फुटाच्या आतच असते. हँगरवर कपडे टांगायचे तर आतून सुमारे 22 इंच खोली लागते. कमी खोलीच्या कपाटात दांडी बसवली की दार लागत नाही आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभे राहते. अशी आलमारी पुस्तके, चादरी किंवा काचेची भांडी यांसाठी उत्तम.

जाळीचे कपाट स्वयंपाकघरात आजही उपयोगी आहे. मात्र त्याची जाळी गंजलेली असेल तर ती बदलूनच द्यावी. संदूक रजया-गोधड्यांसाठी चांगली. तिचे झाकण उघडल्यावर आपोआप खाली पडत नाही ना, हे घरातील लहान मुलांसाठी जरूर तपासावे. आणि सौद्यापूर्वी घराच्या दाराची चौकट व जिन्याचे वळण मोजावे. जुने कपाट सुटे होत नसेल तर ते दारातच अडते.

लाकडाची ओळख

पॉलिश केलेल्या दर्शनी बाजूवरून लाकूड ओळखू नये. कपाट भिंतीपासून ओढावे आणि पाठ, तळ व खणांची खालची बाजू पाहावी. तेथे पॉलिश नसते, म्हणून लाकूड खरे बोलते. साग सोनेरी-तपकिरी असतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि रंध्याचा ताजा काप काढला तर जुन्या चामड्यासारखा वास येतो. शिसव जड असते आणि त्यात काळ्या-जांभळ्या रेघा दिसतात. आंब्याचे लाकूड फिकट असते आणि त्याला कीड लवकर लागते. सागाचासुद्धा गाभाच टिकाऊ. बाहेरचा पांढरा भाग वाळवी सोडत नाही. म्हणून 'साग आहे' एवढ्यावर समाधान न मानता फळीत पांढरा भाग किती, तेही पाहावे.

वजन हीसुद्धा चांगली कसोटी आहे. वाळलेला साग घनफुटाला सुमारे 18 किलो भरतो आणि शिसव 23 किलोच्या आसपास. समजा, आलमारी 6 फूट उंच, 3 फूट रुंद आणि दीड फूट खोल आहे. बाजू, पाठ, दारे आणि पाच आडव्या फळ्या मिळून सुमारे 76 चौरस फूट लाकूड होते. फळी पाऊण इंच जाडीची धरली तर पावणेपाच घनफूट, म्हणजे 85 ते 90 किलो. अशी 'सागाची' आलमारी दोघांनी सहज उचलली, तर फळ्या पातळ आहेत किंवा लाकूड वेगळे आहे. हाच हिशेब विकणाऱ्या घरमालकालाही करून दाखवावा. सरपणाचा भाव आणि घनफुटाचा भाव यांतील अंतर त्याला तेव्हा कळेल.

सांधे आणि खिळे

जुन्या कामात चौकटीचे सांधे खाच आणि कुसू यांचे असत, वरून लाकडी खुंटी ठोकलेली असे. दाराची मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी सोडत, कारण लाकूड उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते. अशी फळी कोणी चिकटवून किंवा खिळ्यांनी जखडून टाकली असेल तर ती पुढेमागे तडकते. खणाच्या कोपऱ्यात कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दात असतील आणि ते थोडे कमीजास्त असतील तर ते हाताचे काम. अगदी एकसारखे दात बहुधा यंत्राचे असतात.

स्क्रूही वय सांगतात. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू 1930 च्या दशकात अमेरिकेत निघाला. तो दिसला तर निदान तेवढा भाग नंतरचा आहे. फेविकॉल 1959 साली बाजारात आले. त्याआधी कारागीर सरस वापरीत. मुठीच्या आतल्या-बाहेरच्या भोकांचा मेळ बसतो का, खणाखालच्या पट्ट्या वर्षानुवर्षांच्या घासण्याने झिजल्या आहेत का, हे पाहावे. सारे कपाट जुने दिसते आणि झीज कोठेच नाही, असे असेल तर हात आखडावा.

दुरुस्ती झालेली असणे हा दोष नव्हे. ती सांगितली नाही तर तो दोष होतो. ऐब लपवून विकलेल्या मालात बरकत नसते, हे आपल्या घरांत लहानपणापासून ऐकवले जाते. जुन्या मालाच्या धंद्यात ते रोजच्या व्यवहाराचेही शहाणपण आहे.

कीड आणि पॉलिश

लाकडाला भोके दिसली म्हणजे कीड जिवंत आहेच असे नाही. कपाटाखाली काळा कागद अंथरून पंधरा दिवस ठेवावा. कागदावर पिठासारखी ताजी भुकटी पडली तर कीड चालू आहे. अशा वेळी बोरिक ॲसिड एक भाग व टाकणखार म्हणजे बोरॅक्स दीड भाग पाण्यात विरघळवून ते पाणी पिचकारीने भोकांत सोडतात आणि कच्च्या बाजूला लावतात. अन्न थेट ठेवायच्या फळीवर हे लावू नये. ती फळी बदलावी. वाळवीने पोखरलेला पाया नुसता पुट्टीने भरणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळ फेकणे होय.

पॉलिश कोणते हे ओळखायला लपलेल्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवावा. चपडा लाखेचे पॉलिश चिकट होऊन सुटते; आजकालचे मेलामाइन सहसा सुटत नाही. लाखेचे जुने पॉलिश शक्यतो खरवडून काढू नये. स्वच्छ करून त्यावरच नवा हात द्यावा. जुन्या तेली रंगाबाबत कारागिरांनी विशेष जपावे. त्यात शिसे असू शकते. कोरडा काचकागद मारला तर ती धूळ पोटात आणि फुप्फुसात जाते. ओल्या काचकागदाने घासावे, नाकावर चांगला मास्क लावावा आणि मुलांना कामाच्या जागेपासून दूर ठेवावे. तसेच, पावसाळ्यात अडकणारा खण लगेच रंधू नये. उन्हाळ्यात तोच खण सैल होऊन वाजू लागेल.

माल कोठून आला?

ऑगस्ट 2022 मध्ये जांब समर्थच्या राम मंदिरातून जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. समर्थ रामदासांचे हे जन्मगाव, त्यामुळे प्रकरण राज्यभर गाजले. पुढे पोलिसांनी तपास करून मूर्ती शोधून काढल्या. आमच्या वाचकांनी त्यातून घ्यायचा धडा साधा आहे. चोरीची जुनी वस्तू शेवटी कोणा ना कोणा खरेदीदाराच्या दारात येते. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे समजायला कारण असताना घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून कपाट असो की कोरीव चौकट, विकणाऱ्याचे नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत, तारीख, रक्कम आणि वस्तूचा फोटो वहीत ठेवावा. विकणारा सही द्यायला कचरत असेल तर माल कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा.

100 वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू आणि इमारतीतून काढलेले तेवढेच जुने भाग 1972 च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. म्हणजे 'शंभर वर्षांची' ही पाटी लावणे नुसती जाहिरात नव्हे, ती जबाबदारी आहे. शिसवाचा माल बाहेर पाठवायचा तर 2017 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर वेगळे नियम आहेत, तेही पाहावेत.

जीएसटीत नोंदणी असलेल्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांसाठी एक सवलत आहे. वापरलेली वस्तू तशीच, किंवा तिचे स्वरूप न बदलणारी किरकोळ दुरुस्ती करून विकली आणि खरेदीवर कराची वजावट घेतली नाही, तर खरेदी आणि विक्रीच्या किमतीतील फरकावरच कर लागतो. पण हा फरक दाखवायचा तर खरेदीची नोंद हवी. जी वही चोरीच्या संशयापासून वाचवते, तीच करातही उपयोगी पडते. जुनी दारे तोडून त्यांचे टेबल केले, तर मात्र ती नवी वस्तू झाली. तेथे आपल्या कर सल्लागाराला विचारावे.

आमचे सांगणे एवढेच आहे. गावातील सुताराने आणि भंगारवाल्याने एकत्र बसून हा धंदा करावा. भंगारवाल्याला घर कोठे उतरते आहे ते कळते, सुताराला लाकूड कळते. दोघांनी मिळून घरमालकाला घनफुटाचा भाव दिला आणि गिऱ्हाइकाला ऐब सांगून माल दिला, तर आज सरपणात जाणारी आलमारी उद्या कोणाच्या तरी घरात आणखी दोन पिढ्या उभी राहील.