रंगाआधीची भिंत
घर सांभाळताना : भाग 7

सोयाबीन बाजार समितीत गेलं, चार पैसे हातात आले, की वाशीम-रिसोडकडच्या घरांत रंगाचा विषय निघतो. दिवाळी तोंडावर असते आणि चांगला पेंटर नेमका तेव्हाच मोकळा नसतो. जो मिळतो, तो म्हणतो, "आठ दिवसांत घर चकाचक करून देतो." भाव ठरतो, छटाही ठरते. भिंतीची तब्येत मात्र कोणी पाहत नाही. गेल्या भागात गच्चीची गळती पाहिली. आता पेंटरशी काय काय बोलून घ्यायचं ते पाहू.

सुरुवात पायाखालच्या जमिनीपासून. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया पुरेसा खोल नसेल तर भिंतींना भेगा जातात. ऑक्टोबरात बारीक दिसणारी भेग पुट्टीखाली झाकली, तरी मे महिन्यात ती पुन्हा तोंड वर काढू शकते. म्हणून भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहून ठेवावी. भेग खुणेपलीकडे सरकली, तर काम पेंटरचं नाही, आधी इंजिनिअरला दाखवावं.

ओल तपासणंही सोपं आहे. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक दिवस ठेवायचा. आतून दव धरलं तर भिंत अजून ओली आहे. अशा भिंतीवर महागडा इमल्शन मारला तरी पोपडे धरतात. नव्या प्लास्टरलाही किमान 28 दिवस द्यावे लागतात.

भिंत आधी, रंग नंतर, ही रीत या मुलखाला नवी नाही. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. तिथल्या चित्रकारांनी खडकावर थेट कुंचला टेकवला नाही. वनस्पतींचे तंतू, भुसा मिसळलेल्या मातीचा गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ थर चढवला आणि मग रंग भरला.

आता हिशेब. "चौरस फुटाला अमुक" एवढ्यावर होकार देऊ नये. त्यात खरवडणं, घासकाम, पुट्टीचे हात, प्रायमर आणि रंगाचे दोन हात येतात का, माल कोणाचा, हे कागदावर लिहून घ्यावं. दोन पेंटरांच्या भावात मोठा फरक दिसला, तर स्वस्तातल्याने यातलं काय गाळलंय ते आधी विचारावं.

मोजमापही समोर करावं. 10 बाय 12 ची, 10 फूट उंचीची खोली घ्या. चार भिंती 440 चौरस फूट, छत 120, एकूण 560. 7 बाय 3 चा दरवाजा आणि 4 बाय 4 ची खिडकी वजा केली तर उरतात 523. अशा चार खोल्यांत जवळपास दीड ब्रासचा फरक पडतो. पेंटर दारं-खिडक्या वजा करत नसेल तर चौकटीभोवतीचं काम त्यातच धरलंय का, हे विचारावं. वाद टळतो.

काही कंपन्यांच्या डब्यांत पेंटरसाठी टोकन असतं. त्यामुळे तो एखाद्याच ब्रँडचा आग्रह धरू शकतो. सीलबंद डबा आपल्यासमोर उघडावा, पाणी किती घालायचं ते डब्यावर वाचावं.

जुना ऑइलपेंट घासताना जास्त जपावं. घरगुती रंगांतलं शिसं दहा लाखांत 90 भागांवर आणणारा केंद्राचा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते बरंच जास्त असू शकतं. असा रंग कोरडा न घासता ओला करून घासावा, घासणाऱ्याने मास्क लावावा, लहान मुलं आणि गरोदर बाईला त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावं.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत : थोडी उचल, पुट्टी-प्रायमर झाल्यावर एक हप्ता, उरलेले दिवसाउजेडी भिंती पाहून. आणि भिंत ओली निघाली, तर या दिवाळीला दर्शनी खोलीवर भागवून बाकीचं घर उन्हाळ्याआधी रंगवावं. तोवर भिंती वाळलेल्या असतात आणि चांगल्या पेंटरकडे वेळही असतो.

(पुढच्या भागात : लाकडी दारं आणि वाळवी)