आपण आपल्या मनाला किती ओळखतो?

‘माझे मन मलाच ठाऊक’ असे आपण सहज बोलून जातो. इतरांच्या मनाविषयी आपण केवळ तर्क करू शकतो. स्वतःच्या मनात मात्र थेट डोकावता येते, अशी आपली खात्री असते. मानसशास्त्रज्ञांनी ही खात्रीच कसोटीला लावली आहे.

रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या अमेरिकन संशोधकांचा एक शोधनिबंध १९७७ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एका प्रयोगात ५२ जणांपुढे नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडून सर्वांत चांगला जोड निवडण्यास सांगण्यात आले. वास्तविक चारही जोड अगदी एकसारखे होते. तरीही डावीकडील टोकाचा जोड १२ टक्के, तर उजवीकडील टोकाचा जोड ४० टक्के लोकांनी पसंत केला. निवडीवर जागेचा प्रभाव पडला होता हे उघड आहे. परंतु कारण विचारले असता कोणीही जागेचा उल्लेख केला नाही. ‘जागेमुळे तर निवडला नाही ना?’ असे थेट विचारल्यावरही जवळजवळ सर्वांनी ते नाकारले.

स्वीडनमधील पेटर योहान्सन, लार्स हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांचे २००५ साली प्रसिद्ध झालेले संशोधन याहून चकित करणारे आहे. १२० जणांना दोन-दोन चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून अधिक आकर्षक चेहरा निवडण्यास सांगितले गेले. काही वेळा हातचलाखीने, निवडलेल्या छायाचित्राऐवजी नाकारलेलेच त्यांच्या हाती ठेवून निवडीचे कारण विचारण्यात आले. बहुतेक वेळा ही अदलाबदल लक्षातच आली नाही. उलट, नाकारलेल्या चेहऱ्यातच असलेल्या खुणा निवडीचे कारण म्हणून सांगितल्या गेल्या!

ही माणसे खोटे बोलत नव्हती. आपल्याला काय वाटते, हे मनुष्याला बऱ्याच अंशी कळते. परंतु ते तसे का वाटते, याची प्रक्रिया पुष्कळदा जाणिवेपलीकडे घडते. मग मन एक पटण्याजोगे कारण रचते, आणि ते आत सापडले असे आपल्याला वाटते. घरातील कलहात ‘मी रागाने नव्हे, तुझ्या भल्यासाठीच बोललो’ असे आपण प्रामाणिकपणे म्हणतो. पण प्रामाणिक असणे आणि अचूक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आपल्या चांगुलपणाविषयीही असेच घडते. निकोलस एप्ली व डेव्हिड डनिंग यांनी २००० साली कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कर्करोग संस्थेच्या मदतीसाठी विकली जाणारी डॅफोडिलची फुले आपण घेऊ, असे ८३ टक्के विद्यार्थी म्हणाले. प्रत्यक्षात ४३ टक्क्यांनी घेतली. मात्र ‘इतरांपैकी किती जण घेतील?’ या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर, ५६ टक्के, सत्याच्या बरेच जवळ होते. म्हणजे इतरांना मोजताना आपण वर्तन पाहतो आणि स्वतःला मोजताना हेतू.

तर मग आत्मपरीक्षण व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. सिमीन वझीर यांच्या २०१० सालच्या संशोधनानुसार चिंता, अस्वस्थता यांसारखे आतील भाव मनुष्याला स्वतःलाच अधिक चांगले कळतात. परंतु बुद्धिमत्तेसारख्या, ज्यांच्याशी आपला अहंभाव निगडित असतो अशा गुणांबाबत मित्रांचा अंदाज अधिक अचूक ठरतो.

पापनिवेदनापूर्वी सद्सद्विवेकबुद्धीची तपासणी करणाऱ्या आपणा सर्वांना यातून एक व्यावहारिक धडा घेता येईल. ‘माझा हेतू काय होता?’ या प्रश्नाआधी ‘मी प्रत्यक्षात काय केले, कोणाशी कसे बोललो?’ हा प्रश्न विचारावा. हेतूविषयी मन सोयीचे उत्तर देऊ शकते. कृती मात्र आपल्यासमोर आणि इतरांसमोरही उभी असते. आणि पती, पत्नी, भावंड किंवा जुना मित्र आपल्याविषयी काही सांगू लागला, तर ‘तुला माझे मन काय कळणार?’ असे म्हणून त्याला थांबवू नये. कदाचित आपल्या मनाचा जो कोपरा आपल्याला दिसत नाही, तोच त्याला दिसत असेल.