जुनी पद्मिनी आणि उन्हाळा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रीमियर पद्मिनी उन्हाळ्यात तापते, घाटात दगा देते, म्हणून ती लग्नाच्या वरातीपुरती आणि रविवारच्या फेरीपुरतीच बरी, असं आता सर्रास मानलं जातं. पण कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली हीच 1089 सीसीची गाडी काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईत अनेक दशकं धावली. ऐन मे महिन्यात, सिग्नलमागून सिग्नल, दिवसपाळी आणि रातपाळी करत धावली. ऑक्टोबर 2023 मध्ये ती टॅक्सीतून बाद झाली ती 20 वर्षांची वयोमर्यादा संपली म्हणून, ऊन झेपत नव्हतं म्हणून नव्हे. तेव्हा घरची पद्मिनी तापत असेल, तर तो तिचा स्वभाव नसून कुठलंतरी राहून गेलेलं काम आहे. ते काम शोधण्याच्या आड काही समजुती येतात. त्या आधी दूर करू.

गैरसमज 1 : थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी तापत नाही.

वस्तुस्थिती : गॅरेजमध्ये हा सल्ला हमखास मिळतो. थर्मोस्टॅटचं काम एवढंच, की इंजिन योग्य तापमानाला येईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही आणि त्यानंतर वाट मोकळी करायची. वाट एकदा मोकळी झाली की तो असला काय अन् नसला काय, रेडिएटरची ताकद तेवढीच राहते. उलट तो नसेल तर थंडीत इंजिन उशिरा गरम होतं, पेट्रोल जास्त जळतं आणि झीज वाढते. थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकल्याचा संशय असेल तर तो काढून पातेल्यातल्या पाण्यात तापवून पाहावा. उघडला नाही तर नवा बसवावा.

तापण्याचं खरं कारण बहुतेक वेळा क्षार आणि गंज साचून बुजलेल्या रेडिएटरच्या नळ्या हे असतं. गाडी फिरवून आणल्यावर इंजिन बंद करा आणि रेडिएटरच्या जाळीवरून जपून हात फिरवा. मध्येच गार पट्टा लागला तर तिथून पाणी फिरत नाही. अशा वेळी रेडिएटरच्या टाक्या उघडून नळ्या साफ करून घ्याव्या लागतात. सैल पट्टा, झिजलेला वॉटर पंप आणि मागे पडलेलं इग्निशन टायमिंग यांनीही इंजिन तापतं. हे सगळं तपासल्याशिवाय जादा पंखा बसवण्याची घाई करू नये.

गैरसमज 2 : जुन्या गाडीला नळाचं पाणी पुरतं, कूलंट नव्या गाड्यांसाठी असतं.

वस्तुस्थिती : उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी खरोखरच सरस आहे. पण ते गंज रोखत नाही, आणि बोअरचं जड पाणी असेल तर आत क्षारांचा थर बसतो. शिवाय समुद्रसपाटीला 100 अंशांवर उकळणारं पाणी सुमारे 1,350 मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात 95-96 अंशांनाच उकळतं. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर असं मिश्रण हा उत्कलनबिंदू सहा-सात अंशांनी वर नेतं आणि धातूचं गंजापासून रक्षणही करतं.

त्याहून मोठं काम रेडिएटरचं झाकण करतं. झाकणाने धरलेल्या दर एक पीएसआय दाबामागे उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वाढतो. म्हणजे सात पीएसआयचं झाकण नीट बसत असेल तर दहा अंशांची सवलत मिळते. रबर गेलेलं झाकण ती सगळी घालवतं. अगदी स्वस्तातला हा भाग आधी बदलावा. मात्र गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नये आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. पहिल्याने माणूस भाजतो, दुसऱ्याने सिलिंडर हेड तडकू शकतं.

गैरसमज 3 : गरम गाडी बंद पडून पुन्हा सुरू झाली नाही, म्हणजे वेपर लॉकच.

वस्तुस्थिती : वेपर लॉक खरा आहे. इंजिनाच्या उष्णतेने नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नाही. पण अगदी हीच लक्षणं कंडेन्सर किंवा इग्निशन कॉइल तापून निकामी झाली तरी दिसतात. गार झाल्यावर दोन्ही दोष तात्पुरते नाहीसे होतात, म्हणून निदान चुकतं आणि पेट्रोलच्या पंपावर ओली फडकी गुंडाळत वर्षं जातात.

परीक्षा गाडी बंद पडलेली असतानाच करायची. प्लगवर ठिणगी येत नसेल तर दोष विजेचा. ठिणगी येते पण कार्बोरेटर कोरडा आहे, तर दोष पेट्रोलचा. पेट्रोलचा असेल तर नळी सायलेन्सरच्या बाजूपासून दूर घ्यावी, मध्ये पत्र्याची आडोशाची पट्टी लावावी आणि पंपाचा डायफ्राम बदलावा. ओलं फडकं घरी पोचवतं, पण तो इलाज नव्हे.

गैरसमज 4 : इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं इंजिन संपतंच. किंवा, काहीच होत नाही.

वस्तुस्थिती : दोन्ही टोकं चुकीची. 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल 2023 पासून टप्प्याटप्प्याने देशभर आलं. त्याचा पहिला घाव बसतो तो जुन्या रबरावर : नळ्या, पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरची पॅकिंग. रबर फुगतं, तडकतं, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला निमंत्रण. म्हणून हे सगळे भाग इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवावेत.

दुसरी गोष्ट, इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी असते आणि ते जळायला हवाही कमी लागते. नव्या गाडीतला संगणक ते जुळवून घेतो, कार्बोरेटर घेत नाही. मिश्रण पातळ होतं, ओढ कमी पडते. जाणत्या मेकॅनिककडून जेट आणि टायमिंग जुळवून घेतलं की गाडी सुरळीत चालते. इथेनॉल पाणीही ओढतं, त्यामुळे टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवू नये.

गैरसमज 5 : ब्रेक ऑइल कमी झालं तरच घालायचं आणि नक्षी शाबूत असेल तर टायर चांगला.

वस्तुस्थिती : ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असतो, ओलावा शिरल्यावर तो 140 अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. आंबोली किंवा वरंध घाटाच्या लांब उतारावर ते तापले आणि ऑइल उकळलं, तर पेडल थेट तळाला जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं, मास्टर आणि व्हील सिलिंडरची रबरं पाहावीत आणि उतार खालच्या गिअरमध्येच उतरावा.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 3519 म्हणजे 2019 सालचा 35वा आठवडा. कमी धावलेल्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण वयाने कडक होतात. दहा वर्षांचा टायर, नक्षी कोरी असली तरी, काढून टाकावा.

गैरसमज 6 : पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणीच घ्यावी.

वस्तुस्थिती : जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते. पण अशी गाडी रॅली, प्रदर्शन, संशोधन, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या वापराला मनाई आहे. सुट्टीत सहकुटुंब गावी जायचं असेल तर साधी नोंदणीच वेळेवर नूतनीकरण करून चालू ठेवावी. विमा आणि पीयूसी तर हवेतच.

या सगळ्याचं तात्पर्य खर्चाच्या क्रमात आहे. आधी ब्रेक आणि टायर, मग रेडिएटर आणि पाण्याच्या नळ्या, मग पेट्रोलचा मार्ग, मग इग्निशन. रंग आणि क्रोम सर्वांत शेवटी. बहुतेक जण याच्या नेमकं उलट करतात आणि चकचकीत गाडी घाटात उभी राहते. ही कामं गुढीपाडव्याआधी उरका, गावाजवळच दुपारच्या उन्हात एक-दोन लांब फेऱ्या मारून पाहा, आणि मगच घाट चढा. पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली. उरलेल्या गाड्या टिकतील त्या कापडाखाली झाकून ठेवल्याने नव्हे, तर नीट दुरुस्त करून नियमित चालवल्याने.