अस्सलबरहुकूम नक्कल

कचेरीतील जुन्या कागदांवर ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शेरा आढळतो. मुळात जे आहे तेच, कानामात्रेचाही फरक न होता, उतरले आहे, असा त्याचा अर्थ. परंतु व्यवहारात पुष्कळदा अस्सलातील काही भाग घ्यावयाचा आणि काही वगळावयाचा असतो. एक्सएमएल पद्धतीने लिहिलेल्या दस्तऐवजावर हे काम संगणकाकडून करवून घेणारी एक्सएसएलटी ही भाषा १९९९ साली प्रमाणित झाली. तिची रीत विद्यार्थिमित्रांस थोडक्यात सांगावी, असा आमचा हेतू आहे.

शाळेच्या पटाचे उदाहरण घेऊ. एक्सएमएलमध्ये दस्तऐवज म्हणजे एक वृक्षच होय. ‘शाळा’ हे खोड, ‘विद्यार्थी’ या फांद्या आणि प्रत्येक फांदीस ‘नाव’, ‘गुण’, ‘दूरध्वनी’ ही पाने. बक्षीससमारंभासाठी या पटाची नक्कल बाहेर द्यावयाची आहे. मात्र कोणाच्याही घरचा दूरध्वनी क्रमांक चव्हाट्यावर जाता कामा नये.

नकलेच्या आज्ञा दोन. ‘कॉपी-ऑफ’ ही फांदी पानांसकट उचलते. ‘कॉपी’ ही घटकाचे केवळ कवच उतरते. पोटातील वस्तूंची व्यवस्था आपण स्वतंत्रपणे सांगावयाची असते. पहिली आज्ञा सोपी खरी. पण ती खोडावरच चालविली, की दूरध्वनीही मुकाट्याने बाहेर पडतो. आत नियम लावण्यास वावच उरत नाही.

म्हणून जाणकार प्रथम एक सर्वसामान्य नियम लिहितात. अशा नियमास साचा म्हणतात. ‘जे समोर येईल त्याचे कवच उतरा आणि त्याच्या पोटातील प्रत्येकास पुन्हा हेच नियम लावा,’ हा तो साचा. एवढ्यानेच सारा वृक्ष जसाच्या तसा उतरतो. मग त्याच्या जोडीस ‘दूरध्वनी’ या नावाचा एक रिकामा साचा ठेवतात. नाव घेऊन केलेला नियम सर्वसामान्य नियमाहून बलवत्तर ठरतो. व्याकरणात अपवाद उत्सर्गास बाधतो, तसाच हा न्याय. दूरध्वनी गळतो, बाकीचे सर्व राहते आणि मूळ पटास धक्काही लागत नाही.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. साचा लिहिलाच नाही, तर ते पान आपोआप वगळले जाईल, असे समजू नये. या भाषेच्या उपजत नियमानुसार तेव्हा घटकांच्या खुणा गळतात, पण आतील मजकूर तसाच बाहेर येतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. उद्या पटात ‘पत्ता’ हे नवे पान फुटले, तर आपला अपवाद त्यास ओळखणार नाही आणि पत्ता निर्वेध बाहेर जाईल. यास्तव खासगी माहितीचा प्रश्न असेल, तेथे काय वगळावे याची यादी न करता काय घ्यावे याची करावी. ‘विद्यार्थी’ या घटकाच्या साच्यात ‘नाव’ आणि ‘गुण’ एवढीच निवड सांगावी, म्हणजे पटात पुढे कितीही भर पडली तरी नकलेत तेवढेच उतरेल.